लॅपटॉपवरून थेट कार्यक्रमात गिटारचे इफेक्ट : उशीर, तडतड आणि स्टेजवरची मांडणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. जवळ आय-५ प्रोसेसर आणि ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, दोन इनपुटांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा आणि बाहेर आणणारा डबा) आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे. घरी रेकॉर्डिंग व्यवस्थित होतं. पेडलबोर्डऐवजी (पायाने दाबायच्या इफेक्ट-डब्यांऐवजी) हीच जोडणी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात न्यायची आहे, पण तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो, बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा गठ्ठा) कमी केला की तडतड सुरू होते, आणि गाणं चालू असताना क्लीनवरून (स्वच्छ आवाज) लीडवर (सोलोचा जोरकस आवाज) जायचं कसं ते कळत नाही. नवा लॅपटॉप घ्यावा का?

लॅपटॉप लगेच बदलू नका. या जोडणीवर कार्यक्रम करता येतो. मात्र ज्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही रेकॉर्डिंग करता तोच उचलून स्टेजवर नेता येत नाही. रेकॉर्डिंगमध्ये कॉम्प्युटरला थोडा उशीर झाला तरी सॉफ्टवेअर तो नंतर भरून काढतं, ट्रॅक मागेपुढे सरकवतं, आधीच वाजलेल्या भागावरचं काम आगाऊ उरकून ठेवतं. थेट वादनात आगाऊ करण्यासारखं काहीच नसतं, कारण पुढचा स्वर अजून तुमच्या बोटांतच असतो. म्हणून स्टेजसाठी वेगळा, आटोपशीर प्रोजेक्ट शून्यापासून बांधायचा आणि एकदा जमला की त्याला हात लावायचा नाही.

तडतड का येते ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचे निम्मे उपाय आपोआप सुचतील. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असेल तर सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने येतात. बफर १२८ ठेवला तर कॉम्प्युटर ते १२८-१२८ च्या गठ्ठ्यांत हाताळतो आणि प्रत्येक गठ्ठ्यासाठी त्याला २.६७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात नॉइज गेट, ड्राइव्ह, अॅम्प, कॅबिनेट, डिले, रिव्हर्ब हे सगळं उरकलंच पाहिजे. एका गठ्ठ्याला जरी उशीर झाला तरी स्पीकरमधून ‘टक्’ ऐकू येतं. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३० टक्के दिसतो आणि तरी तडतड का, हा नेहमीचा प्रश्न. तो आकडा सरासरीचा आहे आणि आपल्याला सरासरीशी कर्तव्य नाही, सगळ्यात वाईट गठ्ठ्याशी आहे. रीपरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-पी दाबून परफॉर्मन्स मीटर उघडा आणि त्यातला ‘आरटी सीपीयू’ (थेट आवाजावरच्या कामाचा भार) बघा. सगळे इफेक्ट चालू असताना तो ५० ते ६० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे.

दुसरी गोष्ट, एका ट्रॅकवरची प्लगइनची (सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टची) साखळी एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. अॅम्पला ड्राइव्हचं उत्तर मिळाल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही, मग उरलेले कोअर रिकामे बसून राहतात. त्यामुळे आठ कोअरचा पण संथ प्रोसेसर इथे चार कोअरच्या वेगवान प्रोसेसरपुढे मागे पडतो.

आता उशीर. बफर इनपुटला एकदा आणि आउटपुटला एकदा मोजायचा. ४८ किलोहर्ट्झला ६४ चा बफर म्हणजे १.३३ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.६७, २५६ म्हणजे ५.३३. याच्या दुप्पट धरा, त्यात कन्व्हर्टरचा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपचा) वेळ आणि ड्रायव्हरने (इंटरफेस आणि विंडोज यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरने) स्वतःसाठी राखलेला छुपा बफर मिळवा. हा छुपा बफर कंपनीगणिक वेगळा असतो. त्यामुळे एकाच सेटिंगला एक इंटरफेस ७ मिलिसेकंद घेतो आणि दुसरा १२. सॉफ्टवेअर दाखवतं त्या आकड्यावर विसंबू नका. इंटरफेसच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंत एक केबल लावा आणि ओब्लिक ऑडिओचं ‘आरटीएल युटिलिटी’ हे मोफत साधन चालवा. ते एक टिचकी पाठवून परत यायला किती वेळ लागला ते मोजतं.

किती उशीर चालतो? आवाज हवेत एक मीटर जायला साधारण २.९ मिलिसेकंद घेतो. म्हणजे अॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहून वाजवणारा गिटारवादक ९ मिलिसेकंद उशिराच ऐकत असतो आणि त्याला ते जाणवतही नाही. माझ्या मते पूर्ण फेरी १० मिलिसेकंदांच्या आत बसली की बहुतेक सगळं वाजवता येतं. १२ च्या पुढे वेगवान ऱ्हिदम जड वाटू लागतो, हात नकळत ठोक्याच्या पुढे पळतो आणि ड्रमरशी जुळत नाही. पण ही बेरीज पूर्ण करा. डिजिटल वायरलेस वापरत असाल तर त्याचे काही मिलिसेकंद, साउंडवाल्याचा डिजिटल मिक्सर असेल तर त्याचे एक-दोन, आणि मॉनिटर दोन मीटरवर असेल तर आणखी सहा. ब्लूटूथ हेडफोनवर सराव करून उशीर तपासत असाल तर ती तपासणी निरर्थक आहे, कारण ब्लूटूथच शंभर मिलिसेकंदांहून जास्त खातो.

काही प्लगइन स्वतःच उशीर आणतात. उदाहरणार्थ लुक-अहेड लिमिटर, लिनियर-फेज ईक्यू (जाड-बारीक आवाजाचे भाग कमीजास्त करणारा), काही पिच शिफ्टर (स्वर वरखाली करणारे). रीपरच्या इफेक्ट खिडकीत खाली त्या साखळीचा उशीर नमुन्यांत लिहिलेला असतो. स्टेजच्या प्रोजेक्टमध्ये तो शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ हवा. एखादा प्लगइन १,०२४ नमुने मागत असेल तर त्याचे २१ मिलिसेकंद झाले, मग बफर ३२ वर आणून काहीही फायदा नाही. गिटार प्लगइनने अर्धा स्वर खाली उतरवण्यापेक्षा खाली लावलेली दुसरी गिटार न्या.

सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्झ केला की त्याच बफरचा उशीर निम्मा होतो हे खरं, पण प्लगइनचं काम जवळजवळ दुप्पट होतं. तुमच्या लॅपटॉपसाठी ४८ किलोहर्ट्झ आणि १२८ पासून सुरुवात करा. सगळं स्थिर झालं की ६४ करून बघा, जमलं तर ठेवा. ९६ बफर देणारा ड्रायव्हर असेल तर तो मधला पर्याय छान आहे.

ड्रायव्हरकडे सर्वांत आधी लक्ष द्या. रीपरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ऑडिओ-डिव्हाइस पानावर ‘एएसआयओ’ (कमी उशिराची ड्रायव्हर-पद्धत) निवडलेलं हवं आणि त्याखाली तुमच्या इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर हवा. तिथे ‘डायरेक्टसाउंड’ किंवा ‘वेव्हआउट’ असेल तर तुमचा सगळा उशीर तिथेच आहे. ‘एएसआयओ-फोर-ऑल’ हा विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. तो घरी कामचलाऊ म्हणून ठीक, पण स्टेजवर त्याच्या भरवशावर जाऊ नका, कारण दुसऱ्या एखाद्या अॅपने साउंड कार्ड पकडून ठेवलं की तो गप्प बसतो. काही अगदी स्वस्त इंटरफेसना कंपनीचा ड्रायव्हरच नसतो. तुमचा तसा असेल तर पहिला खर्च इंटरफेसवर करा. मॅकवर ही कटकट नाही, तिथे सिस्टिमचंच कोअर ऑडिओ आहे. लिनक्सवर पाइपवायर किंवा जॅक ही ऑडिओ-व्यवस्था आणि सोबत गिटारिक्स हे अॅम्प-सॉफ्टवेअर उत्तम चालतं, पण ते तुमचं रोजचं नसेल तर कार्यक्रमाच्या तोंडावर तिकडे वळू नका.

विंडोज ताळ्यावर आणायला एक संध्याकाळ द्या. पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’, त्याच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये प्रोसेसरची किमान अवस्था १०० टक्के, ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद. चार्जर नेहमी लावलेला, कारण बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप स्वतःचा वेग उतरवतात. स्क्रीन बंद होणं, स्लीप, झाकण मिटल्यावर झोपणं, सगळं बंद. विंडोजचे सिस्टिम आवाज ‘नो साउंड्स’वर ठेवा, नाहीतर एखादी सूचना पीएवरून (श्रोत्यांसाठीच्या मोठ्या स्पीकरांवरून) सगळ्या गावाला ऐकू येईल. अपडेट पुढे ढकला.

मग ‘लेटन्सीमॉन’ हे मोफत साधन दहा मिनिटं चालवा. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो ते ते नावानिशी सांगतं. नावात ‘एनडीआयएस’ दिसलं तर वायफाय किंवा लॅन, ‘एनव्हीएल’ने सुरू होणारं नाव दिसलं तर एनव्हिडियाचा डिस्प्ले ड्रायव्हर, ‘एसीपीआय’ दिसलं तर बॅटरी आणि पॉवरची देखरेख. वायफाय आणि ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधूनच डिसेबल करा, नुसतं एअरप्लेन मोडवर टाकून प्रत्येक वेळी भागत नाही. एसीपीआयचा त्रास असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज या गटातली ‘एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी’ ही नोंद कार्यक्रमापुरती डिसेबल करता येते. दर काही सेकंदांनी ठरावीक अंतराने येणारी ‘टक्’ बऱ्याचदा याने जाते. एक लक्षात ठेवा, ही नोंद बंद असताना बॅटरी किती उरली ते दिसत नाही आणि बॅटरी संपत आल्याची सूचनाही येत नाही. चार्जरची पिन निघाली तर लॅपटॉप न सांगता बंद पडेल. कार्यक्रम झाला की ती परत चालू करा.

रीपरमधल्या तीन खुणा तपासा. ऑडिओ पानावर ‘क्लोज ऑडिओ डिव्हाइस’ने सुरू होणाऱ्या ओळी असतात, त्या काढून टाका, नाहीतर दुसऱ्या खिडकीवर क्लिक होताच गिटार बंद होते. गिटारचा ट्रॅक आर्म (रेकॉर्डसाठी तयार) करा, मॉनिटरिंग चालू करा आणि रेकॉर्ड मोड ‘इनपुट मॉनिटरिंग ओन्ली’ ठेवा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही. ट्रॅकचं इनपुट ‘मोनो’ निवडा. स्टिरिओ निवडलं तर गिटार फक्त डाव्या बाजूला ऐकू येते. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असतं, ते बंदच हवं. ते चालू राहिलं तर कोरडा सूर आधी आणि प्रक्रिया झालेला सूर काही मिलिसेकंदांनी असे दोन्ही एकत्र येतात, एकमेकांच्या काही फ्रिक्वेन्सी खातात आणि आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो.

गिटार ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ लिहिलेल्या इनपुटलाच लावा. साध्या पॅसिव्ह पिकअपला सुमारे एक मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट काही दहा किलोओहमचा असतो, तो पिकअपवर भार टाकतो आणि वरची झिलई निघून जाते. ती नंतर ईक्यूने परत आणता येत नाही. गेन आधी पूर्ण खाली ठेवा, सगळ्यात जोरात वाजवा आणि मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल इतपत वाढवा. डिस्टॉर्शन अॅम्प प्लगइनमध्ये इनपुटची पातळीच आवाजाचा पोत ठरवते. गेन ६ डेसिबलने वाढवलात तर क्लीन आवाजाचा क्रंच (हलका फाटका आवाज) होतो. म्हणून ही पातळी ठरली की नॉबवर मार्करने खूण करा.

साखळीचा क्रम नेहमीचाच : ट्यूनर, गेट, कॉम्प्रेसर किंवा वाह, ड्राइव्ह, अॅम्प, कॅबिनेटचा इम्पल्स (खऱ्या स्पीकरपेटीच्या आवाजाचा छोटा नमुना), ईक्यू, मग कोरस, डिले, रिव्हर्ब. ट्यूनरला रीपरचा रीट्यून पुरतो. अॅम्पसाठी न्यूरल अॅम्प मॉडेलर, म्हणजे ‘नॅम’, मोफत आहे आणि त्याचा आवाज फार चांगला आहे, पण तो प्रोसेसरवर जड पडतो. त्याची मॉडेल स्टँडर्ड, लाइट, फेदर आणि नॅनो अशा आकारांत मिळतात. तुमच्या लॅपटॉपवर फेदरपासून सुरुवात करा. बँडच्या गोंगाटात स्टँडर्ड आणि फेदरमधला फरक श्रोत्याला कळत नाही, तडतड मात्र पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत कळते. कॅबिनेटचा इम्पल्स लांबलचक नको. २,०४८ नमुने, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ४३ मिलिसेकंद, गिटारला पुरतात. त्यानंतर ईक्यूमध्ये ९० हर्ट्झच्या खालचं आणि सात किलोहर्ट्झच्या वरचं कापा. खालचा भाग बेस आणि किक ड्रमचा आहे, वरचा भाग मोठ्या पीएवर माशीसारखा कानाभोवती घोंगावतो.

आवाज स्टेजच्या जोरावर जुळवा. घरी हळू आवाजात कानाला खालचा आणि वरचा भाग कमी ऐकू येतो, म्हणून आपण दोन्ही वाढवून ठेवतो. तोच प्रीसेट मोठ्या आवाजात गढूळ आणि टोचरा होतो, शिवाय मधला भाग कमी असल्यामुळे गिटार बँडमध्ये हरवते. रिहर्सलच्या खोलीत, ड्रमसोबत, पूर्ण जोरावर प्रीसेट ठरवा. लीड हा ऱ्हिदमपेक्षा तीन-चार डेसिबल वर हवा. रिव्हर्ब घरच्यापेक्षा निम्मा करा, सभागृहाचा आणि मंडपाच्या पत्र्याचा स्वतःचा रिव्हर्ब त्यात मिसळणारच आहे.

आता गाण्याच्या मध्ये आवाज बदलणं. बहुतेक जण प्रीसेट बदलायला जातात आणि तिथेच फसतात. प्रीसेट बदलला की प्लगइन नवं मॉडेल, नवा इम्पल्स मेमरीत आणतो, त्या क्षणी आवाज तुटतो आणि मागच्या डिलेची शेपटी कापली जाते. उपाय असा की लागणारे सगळे आवाज आधीच चालू ठेवायचे आणि सूर कुठे जाईल तेवढंच बदलायचं.

पहिला ट्रॅक ‘गिटार’ : त्यावर ट्यूनर, गेट, वाह. याचा ‘मास्टर सेंड’ (थेट बाहेर जाणारी वाट) बंद. इथून तीन ट्रॅकना सेंड (आवाजाची एक प्रत) द्या : क्लीन, क्रंच, लीड. प्रत्येकावर स्वतःचा अॅम्प आणि कॅबिनेट. या तिघांकडून एका चौथ्या ट्रॅकला सेंड, त्यावर एकच डिले आणि एकच रिव्हर्ब, दोन्ही पूर्ण वेट (फक्त इफेक्टचा आवाज). आता क्लीन, क्रंच आणि लीड या प्रत्येकाच्या साखळीत अगदी पहिल्या जागी एक साधा व्हॉल्यूम प्लगइन ठेवा आणि त्याचा आवाज तळापर्यंत खाली करा. रीपरमध्ये प्रत्येक इफेक्टच्या खिडकीत वर उजवीकडे वेट-ड्रायचा छोटा नॉब असतो. तो १०० वर असेल तर त्या ट्रॅकला शांतता मिळते, शून्यावर असेल तर सूर तसाच पुढे जातो. हा वेट नॉब मिडीला (पेडलच्या आज्ञा कॉम्प्युटरला पाठवण्याच्या पद्धतीला) शिकवा : नॉब हलवा, मग ‘पॅरॅम’ मेन्यूत ‘लर्न’ आणि पेडल दाबा. अॅम्पच्या आधी आवाज अडवल्यामुळे त्यानंतरच्या डिलेला कोणी हात लावत नाही. लीडवरून क्लीनवर आलात तरी लीडच्या शेवटच्या स्वराची शेपटी शांतपणे विरत राहते. पेडलबोर्डवर यासाठी महागडा स्विचर लागतो.

या मांडणीत तिन्ही अॅम्प सतत चालू असतात, त्याचा भार तिप्पट होतो. पण ते वेगळ्या ट्रॅकवर असल्यामुळे वेगळ्या कोअरवर वाटता येतात. प्रेफरन्सेसमधल्या बफरिंग पानावर ‘अलाऊ लाइव्ह एफएक्स मल्टिप्रोसेसिंग’ चालू करा. तरीही आरटी सीपीयू ६० टक्क्यांच्या वर जात असेल तर क्रंच काढून टाका आणि लीडचा अॅम्प गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने सौम्य करून वाजवा. चांगलं मॉडेल याला खऱ्या अॅम्पसारखंच उत्तर देतं.

पेडलसाठी मिडी फूट कंट्रोलर लागतो. तो एका दाबात अनेक संदेश पाठवणारा हवा, कारण लीड दाबल्यावर लीडला शून्य आणि बाकी दोघांना १२७ (मिडीतला कमाल आकडा, म्हणजे नॉब १०० वर) जायला हवं. बेरिंगरचा एफसीबी १०१० जुना आणि दणकट आहे, दहा स्विच आणि दोन एक्स्प्रेशन पेडल, पण त्याला यूएसबी नाही, फक्त पाच पिनांचा मिडी सॉकेट. तुमच्या इंटरफेसला मिडी इन नसेल तर वेगळी यूएसबी-मिडी केबल लागेल, आणि बिननावाच्या अगदी स्वस्त केबल संदेश गाळतात. एका दाबातले संदेश किती हे घेण्याआधी बघा, एफसीबीवर एका प्रीसेटला दोनच कंट्रोल चेंज (नॉब हलवणारे संदेश) जातात, तीन आवाजांना ते अपुरे पडतात. तेव्हा तीनांऐवजी दोन आवाज ठेवा किंवा कंट्रोलर घरी बनवा. अर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड घ्या, त्यांच्यावरची ‘३२यू४’ चिप थेट यूएसबी मिडी म्हणून ओळखली जाते. ऊनो घेऊ नका, त्याला हे सरळ जमत नाही. मोमेंटरी (दाबलं तेवढाच वेळ जोडणारा) फूटस्विच, चिपच्या आतला पुल-अप रेझिस्टर चालू, स्विचची थरथर टाळायला प्रोग्रॅममध्ये २० ते ३० मिलिसेकंदांची उसंत, आणि कंट्रोल नंबर १०२ ते ११९ मधले, कारण ते दुसऱ्या कशासाठी राखलेले नाहीत. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात हा माल मिळतो. डबा अॅल्युमिनियमचा घ्या, प्लास्टिकचा पायाखाली तडकतो. रीपरमध्ये मिडी उपकरणाच्या नावावर ‘एनेबल इनपुट फॉर कंट्रोल मेसेजेस’ चालू केल्याशिवाय ‘लर्न’ला काहीच दिसत नाही, बरेच जण इथे अडकतात.

आणि कंट्रोलर व इंटरफेस नेहमी त्याच यूएसबी पोर्टला लावा. विंडोज दुसऱ्या पोर्टवरच्या त्याच वस्तूला नवी वस्तू समजू शकतो, मग मिडीची सगळी जोडणी गायब. पोर्टशेजारी रंगीत टेप चिकटवा. मध्ये हब नको.

वीज आणि अर्थिंग याकडे कृपया गंभीरपणे बघा. गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या जाळीला, जाळी इंटरफेसला, इंटरफेस यूएसबीमधून लॅपटॉपला आणि लॅपटॉप चार्जरला जोडलेला असतो. चार्जर दोन पिनांचा असेल तर त्याच्या आतल्या कपॅसिटरमधून थोडी गळती होते आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या येतात. एवढ्याने इजा होत नाही, पण घरघर मात्र वाढते. खरा धोका मंडपात असतो. बोर्डाला अर्थिंग नाही, मिक्सर दुसऱ्या फेजवर, आणि तुम्ही तारांवर हात ठेवून माइकला ओठ लावता. कुठे वायरिंगचा दोष असेल तर पूर्ण करंट तुमच्यातून जातो. तीन पिनांचा सॉकेट टेस्टर सोबत ठेवा. किंवा मंडपाच्या इलेक्ट्रिशियनला मल्टिमीटर लावायला सांगा : फेज ते न्यूट्रल सुमारे २३०, फेज ते अर्थही जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ फार तर दोन-तीन व्होल्ट. फेज ते अर्थ भलतंच काही दाखवत असेल तर तिथे अर्थिंग नाही, आणि ते जोडल्याशिवाय वाजवू नका. लॅपटॉपची वीज साउंडच्या बोर्डावरूनच घ्या, लाइटच्या डिमरच्या बोर्डावरून नाही. घरघर घालवायला चार्जरची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका.

घरघरीचा उगम असा शोधा. चार्जर काढा. आवाज लगेच गेला तर तो ग्राउंड लूप किंवा चार्जरच आहे. इंटरफेस आणि पीए यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय बॉक्स (सूर मिक्सरला जुळवून देणारा डबा) लावा आणि त्यावरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ दाबा. अर्थ पिन शाबूत राहते आणि लूप तुटतो. हाच डीआय मिक्सरवरून चुकून आलेल्या ४८ व्होल्ट फँटमपासून (माइकसाठीच्या विजेपासून) इंटरफेसचं आउटपुटही वाचवतो. ऑनलाइन मिळणारे छोटे यूएसबी आयसोलेटर घेण्याआधी वेग बघा. त्यातले बरेच १२ मेगाबिटवर थांबतात, तर आजचे बहुतेक इंटरफेस ४८० मेगाबिटचे आहेत. चार्जर काढूनही आवाज राहिला आणि गिटार फिरवल्यावर कमीजास्त झाला, तर तो सिंगल कॉइल पिकअपने हवेतून पकडलेला हम आहे. लॅपटॉपच्या अॅडॉप्टरपासून मीटरभर दूर व्हा.

आउटपुट मोनो द्या. आपल्याकडचे बहुतेक पीए मोनोच चालतात, तिथे स्टिरिओ कोरसचे दोन भाग एकमेकांना मारतात. त्यातून उरलेलं दुसरं आउटपुट कामाला लावता येतं. डावं आउटपुट कॅबिनेटच्या इम्पल्ससह डीआयमधून पीएला, उजवं इम्पल्सशिवाय स्टेजवरच्या गिटार अॅम्पच्या ‘एफएक्स रिटर्न’ला (प्रीअॅम्प टाळणाऱ्या इनपुटला). पुढच्या इनपुटला दिलंत तर अॅम्पचा प्रीअॅम्प पुन्हा त्यावर बसतो आणि आवाज दुहेरी, चोंदलेला होतो.

यूएसबी केबल ही सगळ्यात कच्ची कडी आहे. इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच फळीवर वेल्क्रोने बसवा, केबलला दोन्ही टोकांना सैल वळसा देऊन बांधा, म्हणजे गिटारच्या केबलवर कुणाचा पाय पडला तरी ताण फळीवर येईल. फळी बास स्पीकरवर ठेवू नका. लॅपटॉपखाली हवा खेळेल अशी जागा ठेवा, मे महिन्यातल्या दुपारच्या साउंडचेकला गरम झालेला प्रोसेसर वेग उतरवतो आणि घरी न आलेली तडतड तिथे येते. यासाठी घरी तीन तास पंखा बंद ठेवून सगळं चालवून बघा.

यूएसबीवर चालणाऱ्या इंटरफेसचा एक फायदा असा की वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर दोघेही चालू राहतात. जनरेटर सुरू झाला की पीए येतो आणि तुम्ही तयारच असता. वेगळ्या अॅडॉप्टरचा इंटरफेस असेल तर छोटा यूपीएस ठेवा. प्लगइनचे परवाने घरूनच मशीनवर उतरवून ठेवा. आयलॉक या परवाना-पद्धतीचा क्लाउड पर्याय सतत इंटरनेट मागतो आणि तुम्ही तर वायफाय बंद केलेलं आहे. सुरू करताना साउंडवाल्याला तुमचा चॅनल म्यूट ठेवायला सांगा, मग इंटरफेस, मग रीपर, मीटर हलतोय याची खात्री, आणि त्यानंतरच म्यूट काढा. तरीही एक छोटं ड्राइव्ह पेडल, ज्यात कॅबिनेट सिम्युलेशन आहे असं, बॅगेत असू द्या. लॅपटॉप अडला तर गिटारची पिन इंटरफेसमधून काढून पेडलला, पेडलमधून त्याच डीआयला. ही अदलाबदल रिहर्सलमध्ये करून बघा, अर्ध्या मिनिटात झाली पाहिजे.

लॅपटॉप बदलण्याबद्दल. ८ जीबी रॅम या कामाला पुरते, इथे रॅम अडत नाही. प्रोसेसरचं पूर्ण नाव बघा. सातव्या पिढीपर्यंतचे ‘यू’ अक्षराचे आय-५ दोनच कोअरचे होते, आठव्या पिढीपासून चार झाले. दोन कोअरचा असेल तर तीन अॅम्पची मांडणी सोडा, एक अॅम्प आणि त्याआधीचा ड्राइव्ह चालू-बंद करून काम भागवा, बफर १२८ ठेवा. पैसे खर्च करायचे झाले तर आधी स्वतःचा ड्रायव्हर असलेला इंटरफेस, मग डीआय, मग फूट कंट्रोलर. हे सगळं करूनही लेटन्सीमॉन लाल दाखवत राहिला, वायफाय, ब्लूटूथ आणि बॅटरीची नोंद बंद करूनही, तर दोष त्या मदरबोर्डच्या ड्रायव्हरमध्ये आहे आणि तेव्हाच लॅपटॉप बदला. नवा घेताना दुकानात परवानगी मिळाली तर लेटन्सीमॉन तिथेच दहा मिनिटं चालवून बघा, नाही मिळाली तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते विचारून घ्या आणि त्या मुदतीत घरी तपासा.